भुकेची वाट न पाहता

नैराश्याच्या निदानात भुकेला जे स्थान आहे, ते त्याच्या उपचाराच्या नियोजनात तिला सहसा मिळत नाही, असा मनोविकार विभागात रुग्णांच्या आहाराची बाजू सांभाळणाऱ्यांचा वारंवार येणारा अनुभव आहे. मॅक्स हॅमिल्टन या मनोविकारतज्ज्ञाने १९६० साली नैराश्याची तीव्रता मोजण्यासाठी जी मापनश्रेणी प्रसिद्ध केली, तिच्यात भूक मंदावणे आणि वजन घटणे यांचा विचार वेगवेगळ्या कलमांत केलेला आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत नैराश्याच्या नऊ लक्षणांपैकी एक भुकेचे आणि वजनाचे आहे, आणि बाह्यरुग्ण विभागात सर्रास भरून घेतल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत पाचवा प्रश्न भुकेचाच आहे. एका महिन्यात वजनात पाच टक्क्यांहून अधिक फरक पडणे ही दखल घेण्याजोगी गोष्ट मानली जाते, म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाचे महिन्याभरात तीन किलोंहून जास्त वजन उतरले तर ते केस पेपरवर ठळक लिहिले गेले पाहिजे. प्रत्यक्षात हा विषय ‘जेवण कसं आहे?’ या एका प्रश्नात आणि ‘ठीक’ या एका उत्तरात संपतो, कारण गर्दीच्या दिवशी एका रुग्णाच्या वाट्याला येणारी मोजकी मिनिटे झोप, आत्महत्येचे विचार आणि औषधांचे त्रास यांतच खर्ची पडतात, आणि पुष्कळ ठिकाणी वजनाचा काटा शेजारच्या खोलीत असतो.

रुग्ण या विभागात येतो तोही बहुधा वळसा घेऊनच. ‘तोंडाला चव नाही’, ‘घास तोंडात फिरत राहतो’, ‘अन्नावरची वासनाच उडाली’, ‘पोट सारखं भरल्यासारखं वाटतं’ अशा तक्रारी घेऊन तो प्रथम घराजवळच्या डॉक्टरांकडे जातो, तेथे आम्लपित्ताच्या गोळ्या, टॉनिक आणि यकृताचे सरबतवजा औषध घेतो, दुर्बिणीची तपासणी करून घेतो, एखादे सलाईन लावून घेतो, आणि हे सर्व निष्फळ ठरल्यावर कोणीतरी त्याला मनाच्या डॉक्टरांचे नाव सुचवते. या वळशाला सरसकट दोष देणे न्याय्य नाही. क्षयरोग, मूत्रपिंडाचे व यकृताचे विकार, कर्करोग, अवटू (थायरॉईड) ग्रंथीचे कार्य मंदावणे, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडणे अशा अनेक कारणांनी भूक जाते, मधुमेहावरील मेटफॉर्मिनसारख्या गोळीनेही ती कमी होते, आणि यांपैकी एखादे कारण नैराश्याच्या बरोबरीने त्याच माणसात असू शकते. म्हणून रक्त, थुंकी आणि छातीचा फोटो यांची तपासणी आधी व्हावी हे योग्यच आहे. आक्षेप एवढाच, की सगळे अहवाल ‘नॉर्मल’ आले म्हणजे रुग्णाला काहीच झालेले नाही, असा निष्कर्ष घरातले आणि कधी कधी तपासणारेही काढतात, आणि त्यानंतर न जेवणे हा आजार न राहता हट्ट ठरतो.

हा हट्ट नसतो, हे समजून घेण्यासाठी भुकेचा मार्ग थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. शरीराच्या आतील स्थितीची, म्हणजे पोट रिकामे आहे की भरलेले, तहान लागली आहे की नाही, हृदय किती वेगाने धडधडते आहे याची, जी जाणीव मेंदूला होते तिला आंतरसंवेदन म्हणता येईल, आणि तिचे एक महत्त्वाचे केंद्र मेंदूच्या इन्सुला नावाच्या, बाहेरून न दिसणाऱ्या घडीत असते. काइल सिमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नैराश्यात भूक कमी झालेल्या रुग्णांना अन्नाची छायाचित्रे दाखवली असता इन्सुलाच्या मधल्या भागाची क्रिया मंदावलेली आढळली, तर ज्यांची भूक नैराश्यात वाढते अशा रुग्णांत मेंदूतील आनंद व प्राप्ती यांच्याशी संबंधित भाग अधिक सक्रिय आढळला. एकाच नावाच्या आजारात काही जण खातच सुटतात आणि काही जणांना अन्न समोर नको होते, हे कोडे त्यामुळे काहीसे उलगडते. यात ताणाच्या वेळी मेंदूतून स्रवणाऱ्या, भूक दाबणाऱ्या संप्रेरकाची भर पडते, आणि कशातच गोडी न वाटणे हे जे नैराश्याचे मुख्य लक्षण, ते ताटालाही लागू होते. आयुर्वेदातील जुन्या संहितांनी अरोचकाची, म्हणजे अन्न नकोसे वाटण्याच्या विकाराची, कारणे सांगताना वातादी दोषांच्या जोडीला शोक, भय आणि क्रोध यांचीही गणना केली आहे. मनाच्या दुखण्याने अन्न नकोसे होते हे निरीक्षण येथे नवे नाही.

यातून जे व्यावहारिक अनुमान निघते, त्यावर या कामाचा सारा भर आहे: नैराश्यात भुकेची वाट पाहत बसू नये. निरोगी माणसाला भूक लागते म्हणून तो जेवतो. ज्याच्या शरीरातून भुकेचा निरोपच निघत नाही किंवा निघाला तरी पोचत नाही, त्याला ‘भूक लागली की खा’ असे सांगणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे होय. थायरॉईडची गोळी जशी इच्छा होण्यावर सोडलेली नसते, तसे खाणे काही आठवडे इच्छेपासून सोडवून घड्याळाला बांधावे लागते. घरच्यांना ही कल्पना सुरुवातीला रुक्ष वाटते, रुग्णाला मात्र तिचा बहुधा दिलासा वाटतो, कारण ‘आवडलं का?’ या प्रश्नाला उत्तर देण्याच्या बंधनातून तो सुटतो.

वाट पाहण्यात आणखी एक तोटा आहे, आणि त्याचा पुरावा नैराश्याच्या अभ्यासातून नव्हे तर उपासमारीच्या अभ्यासातून मिळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, स्वेच्छेने पुढे आलेल्या तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून त्यांच्या शरीरामनाच्या नोंदी केल्या, ज्या १९५० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. शरीराने आणि मनाने धडधाकट म्हणून निवडलेले हे तरुण काही आठवड्यांतच उदास, चिडखोर आणि एकलकोंडे झाले, त्यांना थंडी अधिक वाजू लागली, एकाग्रता ढासळली आणि कशातच रस उरला नाही. म्हणजे नैराश्याने माणूस जेवेनासा होतो आणि न जेवल्याने आलेली मरगळ नैराश्याच्या खात्यावर मांडली जाते. औषधाची मात्रा वाढवूनही रुग्णाचा थकवा हटत नसेल, तर त्यातला किती भाग आजाराचा आणि किती भाग रिकाम्या पोटाचा, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

रुग्णालयापेक्षा घरात हे काम अवघड असते, आणि त्याचे कारण स्वयंपाकाच्या जिन्नसांत नसून नात्यांत आहे. मराठी घरात माया व्यक्त करण्याचे सर्वांत सवयीचे साधन म्हणजे वाढणे. नैराश्यातल्या मुलाने ताट बाजूला सारले की आईला आपणच नाकारले गेल्यासारखे वाटते, मग ‘माझ्यासाठी दोन घास खा’ अशी विनवणी होते, तिचा उपयोग झाला नाही की ‘एवढं केलं ते कुणासाठी?’ असा त्रागा होतो, आणि ज्याच्या मनात आधीच आपण घराला ओझे झालो आहोत ही भावना घर करून आहे, त्याच्या अपराधीपणात प्रत्येक जेवणागणिक भर पडते. यात आईची चूक काढण्यात अर्थ नाही. तिच्या हातात जे होते ते तिने वापरले. तरी समुपदेशनात घरच्यांना सर्वप्रथम सांगावे लागते ते हे, की रुग्णाच्या खाण्याचा आणि तुमच्यावरच्या त्याच्या प्रेमाचा संबंध सध्यापुरता तोडून टाका. जेवताना त्याच्या ताटाकडे टक लावून पाहू नये, किती खाल्ले याची मोजदाद त्याच्या देखत करू नये, खाल्ल्यावर कौतुकही करू नये, कारण कौतुकाने पुढच्या जेवणाची परीक्षा होते.

वाढण्याच्या पद्धतीचाही येथे विचार करावा लागतो. डावी-उजवी बाजू मांडलेले, चार पोळ्यांचे भरलेले ताट समोर आले की ज्याला एक घास जड आहे तो ते पाहूनच हरतो. त्यातच पानात काही टाकू नये हा संस्कार इतका खोल गेलेला असतो की उरेल या भीतीने तो पानावर बसायलाच नकार देतो. अनुभवाने असे दिसते की एका लहान वाटीत चार-पाच चमच्यांत संपेल एवढेच द्यावे, ते संपवणे शक्य असावे, आणि उरले तर उरू द्यावे असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा स्पष्टपणे बोलून दाखवावे. हे वाक्य आजी किंवा आजोबांच्या तोंडून आले तर त्याचा परिणाम आहारतज्ज्ञाने दहा वेळा सांगण्याहून अधिक होतो. एकत्र बसून जेवण्याचा आग्रह मात्र सरसकट धरू नये. काहींना सोबतीने दोन घास जास्त जातात, तर काहींना पंगतीतल्या बोलण्याचेच ओझे होते, आणि हे त्या माणसाला विचारूनच ठरवावे लागते.

घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या बाईची स्थिती याहून वेगळी आणि अधिक दुर्लक्षित असते. तिने किती खाल्ले हे पाहणारे कोणी नसते. तिच्या भुकेची चौकशी होत नाही, कारण घरात स्वयंपाक वेळेवर होतो आहे, डबे भरले जात आहेत, म्हणजे सगळे सुरळीत आहे असेच मानले जाते. स्वयंपाक बिघडू लागला, मीठ दोनदा पडू लागले, दूध उतू जाऊ लागले, तेव्हा कुठे घराला तिच्या आजाराची चाहूल लागते. अशा रुग्णेच्या बाबतीत उपवासांकडे बारकाईने पाहावे लागते. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, त्यावर चातुर्मासातले एकभुक्त असे दिवस जोडले गेले की आठवड्यातून तीन-चार दिवस न जेवण्याला प्रतिष्ठित कारण मिळते आणि घरातले उलट तिच्या श्रद्धेचे कौतुक करतात. श्रद्धेवर प्रश्नचिन्ह लावण्याची येथे काहीच गरज नसते. ‘उपवास सोडताना काय खाल्लंत?’ एवढे विचारले तरी चित्र स्पष्ट होते. मनापासून उपवास करणाऱ्या बाईला साबुदाण्याच्या खिचडीची, दाण्याच्या आमटीची आवड असते, ती उपवास थाटाने सोडते. आजाराने उपवासाचा आडोसा घेतलेला असेल तर चहा आणि फार तर एखादे केळे, एवढेच उत्तर येते. उपवास मोडायला लावण्यापेक्षा तो भरीव करणे हा मार्ग अधिक चालतो, कारण वऱ्याचे तांदूळ व दाण्याची आमटी, दुधात कुस्करलेला राजगिऱ्याचा लाडू, तुपावर परतलेले रताळे हे पदार्थ थोड्या प्रमाणात बरेच काही देणारे आहेत. औषधे चालू असताना आजारी माणसाला व्रतातून सूट असते, हे बहुतेक रुग्णांना ठाऊक असते. पण ते सासूबाईंनी किंवा घरच्या गुरुजींनी म्हणावे लागते.

याच बाईसाठी दुसरी अडचण स्वयंपाकघराची. ज्याला अन्न नकोसे झाले आहे त्याला फोडणीचा वास, तळणीचा धूर आणि शिजणाऱ्या अन्नाची वाफ सहन होत नाही, आणि तासभर त्या वासात उभे राहिल्यावर उरलीसुरली इच्छाही मरते. घरातल्या दुसऱ्या कोणी काही आठवडे स्वयंपाक करावा, निदान फोडण्या तरी द्याव्यात, ही साधी सूचना अनेक घरांत सर्वांत कठीण ठरते. गोळ्या आणायला पुरुष तयार असतात, कुकर लावायला नसतात. ते शक्य नसेल तेथे सकाळीच एकदा सारे करून ठेवणे, आणि तिने स्वतः गार किंवा कोमट पदार्थ खाणे, हा तडजोडीचा मार्ग उरतो. दहीभात, ताक, गार दूध, फळे यांना वास कमी असल्याने ते पुष्कळदा गरम जेवणाहून सहज जातात, आणि ‘गरम गरम खा’ हा आग्रह अशा वेळी सोडून द्यावा.

काय द्यावे या प्रश्नाचे उत्तर म्हणून छापील आहारतक्ता हाती ठेवण्याची पद्धत रूढ आहे, आणि या कामात तिच्याइतकी निरुपयोगी गोष्ट दुसरी नसावी. कोशिंबीर, मोड आलेली कडधान्ये, दोन भाज्या आणि फुलके असा संतुलित आहार ज्याला दिवसभरात सहा घास जात नाहीत त्याच्यापुढे मांडणे ही चेष्टा ठरते. चोथ्याच्या पदार्थांनी पोट लवकर भरते आणि पदरात काही पडत नाही. दुसऱ्या बाजूला आजारपणाच्या खाण्याची घरगुती कल्पनाही येथे अपुरी पडते. पातळ पेज, वरणाचे पाणी, साबुदाण्याची लापशी आणि ग्लुकोजची बिस्किटे दोन-चार दिवसांच्या तापासाठी ठीक आहेत, पण ज्या आजाराची मोजणी महिन्यांत होते त्यात एवढ्यावर राहिलेला माणूस खंगत जातो. पचायला हलके असावे यापेक्षा, थोडक्यात जास्त मिळावे हे तत्त्व येथे लागू होते. मऊ भातावर मेतकूट असेल तर त्यावर चमचाभर तूप पडावे, कारण त्या एका चमच्यात सुमारे ४५ कॅलरी असतात. पेजेत किंवा खिरीत दुधाची भुकटी आणि दाण्याचे कूट मिसळावे. मुगाचे कढण पाण्यासारखे न करता दाट ठेवावे. नाचणीची आंबील दुधात किंवा ताकात करावी. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे १७० कॅलरी आणि सात ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात, एका उकडलेल्या अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि शिकरण, दूध-सातू किंवा भाकरी कुस्करून घातलेले दूध यांना चावण्याचेही कष्ट पडत नाहीत. चावणे ही गोष्ट येथे क्षुल्लक नसते, कारण तीव्र नैराश्यात शरीराच्या सर्व हालचाली मंदावतात आणि घास चावत राहण्याचाच थकवा येतो, ज्याला घरचे ‘तोंडात धरून बसतो’ म्हणतात. लिंबाच्या लोणच्याची फोड, आल्याचा मिठात बुडवलेला तुकडा किंवा कोकणात पेजेबरोबर असते तशी खारातली कैरी यांनी तोंडाला थोडी चव येते, आणि तेवढ्यावर पुढचे चार चमचे जातात.

चहाचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा, कारण अनेक रुग्ण, विशेषतः एकटे राहणारे वृद्ध, चहा-बिस्किटांवर दिवस काढतात. चहाने तात्पुरती तरतरी येते, भूक आणखी दबते, आणि जेवणासोबत घेतल्यास अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा येतो. तरीही चहा बंद करायला सांगणे हे कामाच्या दृष्टीने शहाणपणाचे नाही, कारण दिवसात ज्या एका गोष्टीची त्या माणसाला अजून ओढ आहे ती काढून घेण्यात काही मिळत नाही. चहाच्या आधी शेंगदाण्याचा छोटा लाडू, आणि मग चहा, असा क्रम लावता येतो.

वेळेबाबतही प्रचलित सल्ला उलटा करावा लागतो. सकाळची न्याहारी भरपेट असावी हे आरोग्याचे सर्वमान्य वचन आहे, पण नैराश्याच्या ज्या प्रकाराला विषण्णतेचा प्रकार म्हणतात, त्यात पहाटे नेहमीच्या वेळेआधी दोन तास जाग येते, सकाळी उदासी सर्वांत गडद असते आणि दिवस कलेल तशी ती किंचित निवळते. अशा माणसाला सकाळी आठ वाजता पोहे खायला बसवणे म्हणजे दिवसाची सुरुवातच पराभवाने करणे. सकाळी अर्धा पेला दूध आणि गोळी, दुपारी थोडे, आणि खरे जेवण संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास, असा क्रम त्याला मानवतो. रुग्णालयांतली जेवणे मात्र आचाऱ्यांच्या पाळ्यांप्रमाणे येतात. संध्याकाळी ज्या तासाला रुग्णाला थोडे खावेसे वाटते तेव्हा वॉर्डात द्यायला काही नसते, आणि सकाळी परत गेलेल्या ताटाची नोंद ‘जेवण दिले’ अशी झालेली असते. दिले आणि खाल्ले हे दोन वेगळे रकाने असावेत, ही मागणी लहान असली तरी तिच्यामुळे नोंदीपलीकडे परिचारिकांचे पाहणेही बदलते.

गोव्यात झालेल्या एका कामाचा येथे निकटचा संबंध आहे. ‘संगत’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या सहभागाने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र स्वरूपाच्या नैराश्याच्या रुग्णांसाठी अल्प मुदतीची एक समुपदेशनपद्धती तपासली, जिची फलनिष्पत्ती २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. सहा ते आठ भेटींची ही पद्धत मनोविकारतज्ज्ञांनी नव्हे, तर त्यासाठी प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक स्त्रीपुरुषांनी राबवली आणि नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत तिने अधिक रुग्णांना उतार पडला. तिचा पाया वर्तन-सक्रियता या तत्त्वावर आहे, म्हणजे मनाला उभारी आली की माणूस काही करील असे न मानता, ठरवून केलेल्या छोट्या कृतींनी उभारीला वाट करून देणे. खाण्याला हे तत्त्व नेमके लागू पडते. ‘नीट जेवायचे’ हे उद्दिष्ट मोठे आणि मोघम आहे. ‘साडेसहाला ओट्यावर झाकून ठेवलेली वाटी उघडायची’ हे करता येण्याजोगे आहे. पुण्यामुंबईत एकट्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांबाबत तर पहिले उद्दिष्ट खाण्याचेही नसते, मेसचा डबा दारातून आत घेण्याचे असते, कारण बंद डबे दाराशी साचणे हे त्यांच्या आजाराचे बाहेरून दिसणारे पहिले चिन्ह असते आणि ते डबेवाल्या मावशींना डॉक्टरांच्या कितीतरी आधी दिसते.

औषधांची बाजू डॉक्टरांची असली तरी घरच्यांनी काही गोष्टी जाणून घेणे आवश्यक आहे. फ्लुओक्सेटिन किंवा सर्ट्रालिनसारख्या नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी पहिले एक-दोन आठवडे मळमळ होऊ शकते आणि भूक आणखी घटू शकते. गुण दिसायला सहसा दोन ते सहा आठवडे लागतात. आधी त्रास आणि मागाहून गुण, असा हा क्रम कोणी समजावून सांगितला नाही तर ‘गोळ्यांनीच जेवण गेलं’ असे ठरवून उपचार दहाव्या दिवशी बंद पडतात. मिर्टाझापिनसारखे औषध भूक आणि झोप दोन्ही वाढवते, म्हणून खंगलेल्या रुग्णात त्याचा विचार होतो, पण निवड डॉक्टरांनीच करावी. दुकानातून परस्पर आणलेली भूक वाढवणारी सरबते मात्र टाळावीत, कारण त्यांतील सायप्रोहेप्टाडिन हे औषध सेरोटोनिनला विरोध करते आणि नैराश्याच्या काही गोळ्यांचा परिणाम त्यामुळे उणावू शकतो.

येथवर वर्णन केलेला धीमा मार्ग सर्वांसाठी नाही. रुग्णाने पाणीही सोडले असेल, लघवी कमी झाली असेल, उठताना भोवळ येत असेल, मधुमेहाचे इन्सुलिन चालू असून जेवण बंद असेल, किंवा लिथियमच्या गोळ्या चालू असताना खाणेपिणे थांबले असेल, तर वाट्या आणि चमचे बाजूला ठेवून त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. लिथियमची रक्तातील पातळी पाणी कमी पडल्यास धोकादायक होते. पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला घरी एकदम भरपेट जेवू घालू नये, कारण अशा वेळी रक्तातील फॉस्फेटसारखी द्रव्ये झपाट्याने घटून हृदयावर संकट येऊ शकते. काही रुग्ण इच्छा नसल्याने नव्हे तर भ्रमामुळे खात नाहीत: अन्नात विष आहे, आपण पापी असून अन्नाला पात्र नाही, किंवा आपली आतडीच नाहीशी झाली आहेत, अशी त्यांची अढळ समजूत असते, आणि यातील शेवटच्या प्रकाराचे वर्णन झ्यूल कोतार या फ्रेंच चिकित्सकाने १८८० सालीच केलेले आहे. अशांना समजावत बसण्यात वेळ जातो. त्यांच्यासाठी विद्युत-उपचार पुष्कळदा जीव वाचवणारा ठरतो, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो भूल व स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय करण्यास मनाई केली असल्याने चित्रपटांतून मनात बसलेले त्याचे भीषण रूप आता विसरायला हरकत नाही.

सुधारणा होऊ लागली की झोप आणि भूक पुष्कळदा मनाच्या आधी परततात, आणि घराचा सर्वांत मोठा गैरसमज नेमका येथे होतो. माणूस पानावर बसून पोळी मागून घेऊ लागला की ‘जेवायला लागला, बरा झाला’ असा निर्वाळा मिळतो, नातेवाईक निर्धास्त होतात, गोळ्यांचा खर्च खटकू लागतो. आतली हताशा त्या वेळी तशीच असू शकते, आणि अंगात थोडी ताकद आलेली पण आशा न आलेली ही अवस्था आत्महत्येच्या दृष्टीने विशेष जपण्याची मानली जाते. बरे वाटू लागल्यानंतरही औषधे निदान सहा महिने चालू ठेवावी लागतात आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायची असतात. तेव्हा घरातले जेवण सुरळीत झाले म्हणून गोळ्या थांबवण्याचा निर्णय कोणीही घरच्या घरी घेऊ नये. शंका असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे, आणि ते लगेच भेटणार नसतील तर शासनाच्या ‘टेली-मानस’ या निःशुल्क सेवेशी १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतही, बोलता येते.